अवश्य पाहा, फार उपयुक्त

ताईच्या कामाच्या फोनला रोज सकाळी चारा घालावा लागे. चारा म्हणजे संतापी भाषणं. लोकांना भडकवून मारामारीला लावणाऱ्या टोळ्या इंटरनेटवर पोरांना कसं जाळ्यात ओढतात, ते शोधून काढणारं तिचं ऑफिस, आणि त्या फोनमध्ये ताई होती 'वादळ' नावाचा तेवीस वर्षांचा तापट तरुण. खरी ताई पन्नाशीची, गुडघ्यांनी बेजार. पण फोनला ते कळता कामा नये. म्हणून चहा पिता पिता कुणाचं तरी किंचाळणं ऐकायचं, त्याला अंगठा द्यायचा, की तो इमानी फोन आणखी किंचाळणारे आणून हजर करी. कित्येक महिने खपून तिने तो असा काही बिघडवला होता की बघत राहावं.

ऑफिसचा नियम कडक होता. बघणाऱ्यांनी फक्त बघायचं, तोंड उघडायचं नाही. बोलायला एक वेगळा माणूस होता, त्याला ऑफिसात सगळे 'बोलका' म्हणत. हा तिशीतला गडी एकेकाळी स्वतःच अशा टोळीत होता. तिथून निसटला आणि आता इतरांना बाहेर काढायचं काम करायचा. मी कोण, कुठला, हे आधी सांगूनच तो बोलायला सुरुवात करी.

सध्या दोघांचा जीव टांगणीला लागला होता तो निखाऱ्यापायी. 'वणवा' नावाच्या गटातला हा पोरगा. आधी नुसता रडगाणं गायचा, नोकरी नाही, कुणी विचारत नाही. हल्ली मात्र दुसऱ्यांच्या तोंडची भाषा बोलायला लागला होता. गटाचा म्होरक्या, जो स्वतःला सेनापती म्हणवून घेई, तो त्याला रविवारी आतल्या गटात घेणार होता. तिथे गेलेल्याशी बाहेरच्या कुणाला बोलता येत नाही, आणि तिथून जे बाहेर पडतात ते हातात काहीतरी घेऊनच. बोलक्याने त्याला निरोपांवर निरोप धाडले, पण पठ्ठ्याने एकाला उत्तर दिलं असेल तर शपथ.

अशातच ताईच्या घरचा नळ गळायला लागला. नळवाला येणार म्हणून ऑफिसच्या प्रमुख मॅडमची परवानगी काढून ती कामाचा फोन घेऊन घरी बसली. फोन चार्जिंगला लावला. शेजारी बाबांचा फोन, तोही तसाच काळा. नळवाल्याशी हुज्जत घालायला ताई उठली ती फोन उघडा टाकूनच.

निवृत्त झाल्यापासून बाबा आईच्या शिलाई मशीनच्या हात धुऊन मागे लागले होते. आयुष्य विमा कंपनीत गेलेलं, मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हौस दांडगी. हाताला लागला तो फोन त्यांनी उचलला, 'मशीनचा दोरा सारखा का तुटतो' हा व्हिडिओ शोधला, अख्खा पाहिला, मनापासून अंगठा दिला. मग मामाला पाठवावा म्हणून सगळ्यात वरच्या नावावर बोट दाबलं आणि खाली लिहिलं, "अवश्य पाहा. फार उपयुक्त."

सगळ्यात वर वणवा होता.

ताई परत आली तेव्हा सेनापतीने विचारून झालं होतं, "हे काय आहे?" दुसऱ्या एकाने, "यात काही गुप्त निरोप आहे का?" आणि तिसऱ्याने तो व्हिडिओ दोनदा पाहून आपल्याला निरोप सापडल्याचं कळवलं होतं. ताईला हसावं की रडावं कळेना. तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. वादळ आज संध्याकाळी बंद करायचं, असा हुकूम सुटला.

तेवढ्यात वादळच्या खात्यावर खासगी निरोप आला. निखाऱ्याचा.

"माझ्या आईच्या मशीनचंही हेच होतं. वर्षभर झाकून ठेवलंय. तुला फरक पडला का?"

वादळ बंद करायचा विषय तिथेच बारगळला. वादळच्या नावाने उत्तर बोलक्याने द्यायचं ठरलं. पण तो अडून बसला, "रविवारी तो आत जायच्या आधी मी त्याला खरं सांगणार. खोट्या नावाने पोरगा वळवायचा असेल तर मग सेनापतीत आणि आपल्यात फरक काय राहिला?" मॅडमनी मान डोलावली. शिवणकामात त्याची पाटी कोरी, म्हणून बाबांना ऑफिसात बोलावून शेजारी खुर्ची टाकून बसवलं.

बाबा म्हणाले, दोऱ्याचा ताण सैल कर. निखाऱ्याने केला, दोरा तुटला. बाबा म्हणाले, तेल घाल. त्याने घातलं, दोरा तुटला आणि आईच्या ओढणीला डाग पडला तो वेगळा. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्यांचं असं दर वेळी चुकत गेलं, म्हणून पोरगा दर वेळी पुन्हा विचारत राहिला. मधूनच त्याने सांगितलं, तिचं काम सुटल्यापासून आई मशीनकडे बघत नाही आणि माझ्याशीही फारसं बोलत नाही.

शेवटी ताईने घरी आईला फोन लावला. "सुई उलटी बसवली असेल," आई म्हणाली. "तुझे बाबाही तेच करतात. मी गुपचूप सरळ करते."

आईचं म्हणणं जसंच्या तसं गेलं, 'एक काकू सांगतात' म्हणून. थोड्या वेळाने फोटो आला, उशीच्या अभ्र्यावर सरळ शिवण. "टाके जरा मोठे आहेत," बाबा म्हणाले, पण त्यांनी डोळे पुसले.

तिकडे गटात सेनापतीने लिहिलं, "कुठे असतोस? बायकी कामं पुरे. रविवार लक्षात ठेव." निखाऱ्याने लिहिलं, "ती माझी आई आहे."

रविवारी सकाळी बोलक्याने सगळं खरं सांगून टाकलं. वादळ नावाचं कुणी नाही. मी अमुक, मीही कधी अशा गटात होतो, बोलावंसं वाटलं तर मी इथे आहे. निरोप वाचला गेला. उत्तर येईना. बोलका खिडकीशी जाऊन उभा राहिला. गेला पोरगा हातचा, असं ताईला वाटलं.

मग अक्षरं उमटली.

"म्हणजे सगळंच खोटं? सुई सांगणाऱ्या काकूसुद्धा?"

बोलक्याने लिहायला बोट उचललं, पण ताईने फोन त्याच्या हातून काढून घेतला. इतक्या वर्षांत तिने अशा कुठल्याही गटात कुणाला स्वतः होऊन एक शब्द लिहिला नव्हता. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

"त्या खऱ्या," ताईने लिहिलं. "माझी आई आहे ती."

"आज मी कुठे जात नाहीये," निखाऱ्याने लिहिलं. "आई शिवायला बसलीय. मशीन आता कुरकुरतंय. काकूंना वेळ असेल का?"

ताईने घरचा नंबर लावला. आईला वेळ होता.