शेवट सांगणारं दुकान

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, काउंटरवर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या,

"काका, यात ती मरते."

दुकानदार सुतळीचा गुंता सोडवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण मरते?"

"नाववाली, ती नदीवर नाव चालवणारी. शेवटच्या प्रकरणात. तुम्ही म्हणाला होतात, बरी होते."

"होतेच बरी."

"मग हे छापलंय ते काय आहे?"

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच राहिला होता. नवरा बरेच महिने अंथरुणाला खिळलेला. त्याला पुस्तक हातात धरवत नाही, म्हणून रोज दुपारी त्या उशाशी बसून एक प्रकरण वाचून दाखवायच्या. पुस्तक मागायला आल्या तेव्हा त्यांची एकच अट होती : आजारी माणूस असलं तर चालेल, पण ते शेवटी उठून बसलं पाहिजे.

आता ही अट दुसऱ्या कुठल्या दुकानात घातली असती, तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. इथे तशी सोय होती. इथे पुस्तकाचा शेवट आधी विचारून घेता यायचा. कुणाचं काळीज नाजूक, कुणाला गोष्टीतलं कुत्रं मेलेलं खपत नाही, कुणाला मोडलेलं लग्न नको. गिऱ्हाइकाने विचारायचं आणि दुकानदाराने वाकून कानात सांगायचं, कारण मागे उभ्या असलेल्याच्या मजेवर पाणी पडायला नको. लोकांना वाटायचं, या माणसाने दुकानातलं एकूण एक पुस्तक वाचून काढलंय.

कसलं काय! पठ्ठ्याने उभ्या आयुष्यात चार पुस्तकं धड शेवटपर्यंत वाचली नव्हती. दिवसभर पुस्तकं झाडून पुसून ठेवणाऱ्याला घरी गेल्यावर पुन्हा पुस्तक बघवत नाही. वाचायची ती त्याची बायको. नवं पुस्तक आलं की घरी न्यायची, कोपरासुद्धा दुमडू न देता वाचायची आणि जेवताना सांगायची. हातातला घास हातात, भाजी गार. तो "हं, मग?" एवढंच म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाइकाला सांगून भाव खायचा. इतक्या वर्षांत एकाही शेवटाची तक्रार आली नव्हती.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून नवीन पुस्तकांबद्दल कुणी विचारलं की तो म्हणायचा, "याचा शेवट मला पटला नाही, सांगत नाही." लोक हसायचे आणि पुस्तक घेऊन जायचे. नाववालीचं पुस्तक तिने सांगितलेलं शेवटचं. ते मात्र तिने पडल्या पडल्या सांगितलं होतं.

म्हणूनच तो अडून बसला.

"बाई, तुमची वाचण्यात गफलत झाली असणार. तिला ताप चढतो, ग्लानी येते, तेवढंच. मग उठते ती."

"काका, मी पस्तीस वर्षं मास्तरकी केलीय. वाचता येतं मला."

"घाईत वाचलं असेल."

"तुम्ही वाचा ना मग. मी थांबते."

बाईंनी स्टूल ओढलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आता सुटका नव्हती. दुकानदाराने चष्मा पुसला, पुस्तक सुलटं केलं आणि शेवटचं प्रकरण काढलं.

तो का अडून बसला होता, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून, आता काही हातात नाही असं सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ नळावर तोंड धूत राहिला होता. मग आत येऊन बायकोला म्हणाला, "अंगात ताकद नाही म्हणाले. महिन्या-दोन महिन्यांत हिंडायला-फिरायला लागशील." खरं ते त्याने पोटातच ठेवलं, चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. ती गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा : तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आशेवर गेली. तेवढ्यावर तो दिवस ढकलत होता. आणि त्याच्याजवळ त्याचा पुरावाही होता. मरणार हे ज्याला माहीत आहे, ते माणूस आजारी बाई बरी झाल्याची गोष्ट इतकी रंगवून सांगेल का? उशीला टेकून, हसत हसत?

तो वाचू लागला. वाचायची सवय नसल्याने ओळीखाली बोट ठेवावं लागत होतं. मध्येच छत्री झटकत एक माणूस आत आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर मिळेल का म्हणाला.

"नाही," दुकानदार म्हणाला.

"ते काय टांगलंय मागे."

"ते विकायचं नाही."

माणूस पुटपुटत निघून गेला. दुकानदाराने पान उलटलं. नाववालीचा नवरा तिच्या पायाशी बसला होता. बाहेर नदीला पाणी चढत होतं. तिने दोनदा काहीतरी विचारलं, त्याला ते ऐकू आलं नाही, आणि पानाच्या मध्यावर ती गेली. पुढची दोन पानं नुसती नाव, नदी आणि पैलतीरावरून हाका मारणारे लोक. मग कोरं पान.

त्याने कोरं पान उलटून पाहिलं. मग पुन्हा मागे गेला. उठलेली बाई कुठेच नव्हती. आणि दुधाचं पातेलंही नव्हतं.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"पातेलं."

"कसलं पातेलं?"

"ती उठते ना, तेव्हा भिंत धरत धरत आधी स्वयंपाकघरात जाते," तो म्हणाला. आवाज त्याला आपला वाटेना. "बघते तर दुधाचं पातेलं करपून काळंठिक्कर. मग नवऱ्याला म्हणते, 'मी चार दिवस पडले तर घराची ही दशा? अहो, दूध तापवताना समोर उभं राहायचं असतं. आणि करपलंच, तर रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचं, तारेच्या घासणीने खरवडत बसायचं नाही.' मग तो चहा करतो. ती म्हणते, साखर कमी पडली, पण जमेल तुम्हाला हळूहळू."

"हे पुस्तकात नाही."

"नाही."

पातेलं त्याच्या घरातलं होतं. बायकोने ही गोष्ट सांगितली त्या आठवड्यात त्यानेच करपवलं होतं. तिने हे सांगितलं तेव्हा तो खोखो हसला होता आणि नाववाली अगदी आपल्या हिच्यासारखीच आहे असं त्याला वाटलं होतं. एवढंही कळू नये माणसाला? ती त्याला गोष्ट सांगत नव्हती. मागे उरणाऱ्या माणसाला दूध कसं तापवायचं ते शिकवत होती.

पलंगाच्या या बाजूला तो, त्या बाजूला ती. दोघांनाही ठाऊक, आणि दोघंही दोन महिन्यांनी कुठे जायचं त्याचे बेत करत बसलेले. निरोप घ्यायला केवढा वेळ मिळाला होता! सगळा फुकट घालवला. तिने त्याला सांभाळलं, त्याने तिला सांभाळलं, आणि या सांभाळण्यात बोलणं झालंच नाही. रडावंसं वाटत होतं त्याला, पण समोर गिऱ्हाईक बसलेलं.

बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्यांच्या मनात पातेलं घोळत होतं.

"छान आहे हो हे," त्या म्हणाल्या. "छापलंय त्यापेक्षा कितीतरी छान. चारला वाचायला बसायचंय मला, एवढं एकच प्रकरण राहिलंय. ह्यांनी सकाळीच विचारलं, आज संपणार ना? म्हणून तर वाचून ठेवावं म्हटलं, तर हे असं. पुन्हा एकदा सांगा बघू. पुस्तक समोर धरून मी तुमचंच म्हणेन. भिंत धरत उठते, आणि मग?"

दुकानदाराने पुस्तक मिटलं.

"बाई, त्यांना डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्यांना काही नाही. मला सांगितलंय." बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "त्यांना काही माहीत नाही. मी कळूच दिलं नाही."

"त्यांना माहीत असेल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" आवाज एकदम वर्गातला झाला. "तुम्ही कधी भेटलात तरी का ह्यांना?"

"नाही भेटलो."

"मग? पुस्तकं विकता ना, पुस्तकं विका. इतके महिने मी तोंड हसरं ठेवून घरात वावरतेय, ते काय उगीच?"

उलट बोलून बाईंना दुखवावं असं त्याच्या मनात नव्हतं, आणि गप्प राहून परत पाठवणंही जमेना. शेवटी तो हळूच, पण कानात नाही, समोरासमोर म्हणाला,

"हे पातेलं आमच्या मिसेसने रचलेलं आहे. आजारपणात. मीही तोंड हसरं ठेवूनच ऐकलं होतं."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, काचा थरथरल्या. पिशवीचा बंद बोटावरून सुटला तरी बाईंच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी आवाज शाळेतला नव्हता.

"तुमच्या मिसेसना कधी कळलं होतं?"

"ते विचारायचं राहून गेलं," दुकानदार म्हणाला.

बाई उठल्या. पुस्तक उचलून त्यांनी पिशवीत घातलं आणि चार वाजायला बराच वेळ होता तरी त्या घराकडे भराभर चालू लागल्या.