घरी आहे, म्हणूनच

लॅपटॉपच्या एका बटणाखाली खोबऱ्याचा कीस अडकला होता. फुआतिनो तो नखाने काढत होती—निघत नव्हता, उलट आणखी आत सरकत होता—आणि तेवढ्यात गावाचा पहिला शंख वाजला. म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली; कामं टाका, घरी या. बाबा होते तेव्हा... तेव्हा तारोच्या, म्हणजे अळकुड्यांसारख्या कंदांच्या, मळ्यात अर्धवट खणलेला कंदसुद्धा ते तसाच सोडून यायचे, "पळून का जाणार आहे तो?" म्हणायचे, आणि नळाखाली आंघोळ करताना इतकं बेसूर गायचे की शेजारची कुत्री भुंकायची. किती सोपं होतं सगळं! मळा डोंगरावर, घर खाली. तिचा मळा मात्र मांडीवरच उघडा.

ती घरूनच हॉटेलची आरक्षणं बघायची, आणि त्यांचे फोन ऑकलंडच्या कचेरीतून प्रार्थनेच्या वेळीही येत. आठवडाभर ती फोन घेऊन नीरफणसाच्या झाडामागे जात होती. काल रस्त्यावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या सेमीसीकाकांनी तिला पाहिलं. प्रार्थनेच्या वेळी कुणी बाहेर दिसलं तर काका दंड केल्याशिवाय सोडत नाहीत. काल नुसती मान वळवून पुढे गेले—परदेशी पाहुण्यांकडे काणाडोळा करतात, तसे. दंड परवडला असता.

फोन वाजला. साहेबीण, कॉलीन.

"फुआ, पाचच मिनिटं गं. मोठा ग्रुप आहे."

"सात वाजता करते."

"का? बाहेर आहेस?"

"नाही, घरी आहे. म्हणूनच. यापुढे रोजच सातनंतर."

कॉलीन म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. घर त्यावरच चाललं होतं. तरी तिने फोन बंद केला, लॅपटॉप मिटला आणि आत गेली.

आई चटईवर बसली होती. "संपलं काम?"

"नाही. पण आले."

"मग सुरू कर बाई प्रार्थनेचं गाणं. माझा दम पुरत नाही."

बाबांच्या मागे सुरुवात कुणी करायची, हे घरात कुणी बोललंच नव्हतं... आणि आई रोज ती आत येईपर्यंत तशीच, न गाता बसून राहायची—हे तिला आज कळत होतं. लाज वाटली. तिने सूर लावला. अर्धं मन ऑकलंडला, कॉलीन आता कुणाला काय सांगत असेल... दुसऱ्या कडव्याला आईचा हात तिच्या गुडघ्यावर आला, आणि मग बराच वेळ ऑकलंड आठवलं नाही.

"जा, कर फोन," शेवटी आई म्हणाली. "खोळंबली असेल ती."

"हो."

उठायला हवं होतं. नोकरी हवी होती, अगदी हवी होती. पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला प्रार्थना फार लवकर संपल्यासारखी वाटत होती.