चौदा जणांचा सामना

"हात वर. अजून थोडा. कानाला लागू दे," मी म्हटलं.

"कानाला कशाला? शाळेत उत्तर द्यायचंय का?" मिस्टर प्रॉसर म्हणाले. पण हात काही खांद्याच्या वर जाईना.

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या त्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून मला पाच वर्षं होत आली होती आणि पेशंटशी इंग्रजीत भांडण्याइतकी मी तयार झाले होते. भांडायला सगळ्यात मजा यायची ती एमलिन प्रॉसरांशी. मूळचे वेल्सचे, तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय पंच्याहत्तर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी तिकडे प्लेनोला. ऑगस्टच्या उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण लावून यायचे. मान अशी ताठ की मागे पाहायचं तर अख्खे वळत.

"तुम्ही काही खेळायचात का हो?" एकदा मी विचारलं. माझे वडील मिरजेला कबड्डी खेळायचे. असे रुंद, किंचित वाकडे खांदे घरात पाहिलेले असले की ओळखू येतात.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. मग म्हणाले, "रग्बी. देशाकडून. एकच सामना."

"अहो, मग इतके दिवस बोलला नाहीत ते!"

"कुणाजवळ बोलू? इथे रग्बीतलं कुणाला ओ का ठो कळत नाही. म्हणून तर इथे आलो."

पुढच्या दोन आठवड्यांत, मी खांदा दाबत असताना, ती गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. खाणकामगाराचा मुलगा. तेविसाव्या वर्षी वेल्सची लाल जर्सी मिळाली. तो सामना पाहायला वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा खाणीतली पाळी चुकवली, गावातून दोन बस भरून माणसं आली. उत्तरार्धात सात-आठ जणांच्या ढिगाखाली हे सापडले. उठले तेव्हा दोन्ही हातांना मुंग्या. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे.

"तेव्हा बदली खेळाडू नसायचा," प्रॉसर म्हणाले. "पंधरांतला एक गेला की उरले चौदा. म्हणून लागलं तरी बाहेर जायचं नाही, अशी रीत. मैदानाच्या कडेला, विंगवर जाऊन नुसतं उभं राहायचं. तुम्ही उभे असलात की समोरचा एक माणूस तुमच्यावर लक्ष ठेवण्यात अडकतो. बरगडी मोडलेले उभे राहिलेत तसे. कॅप्टन मला म्हणाला, 'एमलिन, नुसता उभा राहा.' आणि मी चालत बाहेर गेलो."

"का?"

"भीती वाटली, पोरी. स्वतःचं डोकं पेलवत नाहीये असं वाटलं."

कबड्डीचं बरं असतं. गडी मेला तरी आपल्यातल्या कुणी समोरचा मारला की तो जिवंत होऊन आत येतो. यांना आत यायची सोयच नव्हती. चौदा जण तीन गुणांनी हरले. परतीच्या बसमध्ये वडील एक अक्षर बोलले नाहीत आणि त्या विषयावर पुढे कधीच बोलले नाहीत. हे दुकानात शिरले की लोकांच्या गप्पा थांबायच्या. तीन वर्षं तसली काढून यांनी टेक्सास गाठलं.

"पन्नास वर्षं एकच प्रश्न आहे, प्रतिमा," ते म्हणाले. "मला खरंच लागलं होतं, की मी पळालो?"

मी खांदा दाबत राहिले. त्याच सुमाराला त्यांची बोटं बधिर व्हायला लागली आणि डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला. रिपोर्ट माझ्याकडे आला तेव्हा मी तो तीनदा वाचला.

घरी नवऱ्याला सांगितलं. राजेश म्हणाला, "अगं, मग वेट कशाला करतेस यार? आत्ता कॉल कर ना त्यांना!"

"हे फोनवर नाही सांगायचं," मी म्हटलं.

गुरुवारी मी फिल्म दिव्यावर लावली. "हा मणका मोडला होता. आपला आपण जुळलाय. मध्ये कधी अपघात वगैरे?"

"सायकलवरूनसुद्धा पडलो नाही कधी."

"मग हा तेव्हाचाच. काका, तुम्ही विंगवर उभे राहिला असतात आणि कुणी नुसतं आपटलं असतं ना, तर मानेखालचं सगळं गेलं असतं. जीवही."

काका कसं तोंडातून गेलं कळलंही नाही. ते फिल्मकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वडिलांना दाखवायला हवं होतं." मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

वडील नव्हते, पण कॅप्टन होता. ऐंशीचा, तिकडेच वेल्समध्ये, स्वान्सीला. दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं, यांनी एकालाही उत्तर दिलं नव्हतं. मी हट्टच धरला. माझ्या जेवणाच्या सुट्टीत, क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी नंबर लावला. फिल्म मांडीवर होती.

आधी हवापाणी झालं. मग गुडघे. मग कोण कोण गेलं त्याची उजळणी. मी खुणेने म्हणत होते, सांगा, सांगा. तेवढ्यात पलीकडून तो बराच वेळ बोलत राहिला आणि प्रॉसर नुसतं ऐकत राहिले.

"छे रे," शेवटी ते म्हणाले. "काहीच नव्हतं. मुका मारच होता. पंधरा दिवसांत बरा झालो. तुझं बरोबर होतं, मीच उभं राहायला हवं होतं."

फोन ठेवला तशी मी चिडलेच. "हे काय बोललात? पन्नास वर्षांनी पुरावा हातात आलाय तुमच्या!"

"त्याला झोप लागत नाही म्हणाला. 'तुला उभा राहा म्हटलं, त्यात तुझं काही बरंवाईट झालं असतं तर?' हाच घोर आहे त्याला इतकी वर्षं." त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. "मला कळलं ना? पुरे झालं."

माझा डबा तसाच पडला होता. मी अर्धी पोळी त्यांच्या पुढे केली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. खाता खाता वडिलांविषयी बोलायला लागले, आपणहून, पहिल्यांदाच. टॉमस नाव. सामन्यासाठी त्यांनी नवी टोपी घेतली होती, आणि राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा ती काढून छातीशी धरलेली या पोराला मैदानातून दिसली होती.