थापलेली पावले

कष्ट करणारा एक आणि ते मोजणारा दुसरा असला, की मोजणीतली चूक बहुधा कष्ट करणाऱ्याच्या माथी येते; आणि जो अतिशय थकलेला असतो, तो तिचा प्रतिवादही करीत नाही. उलव्याच्या अरुणाबाईंचे असेच झाले.

विमानतळावरील कामगारांसाठी त्या रोज शंभर ज्वारीच्या भाकऱ्या करून देत. उभे राहून राहून त्यांचे गुडघे झिजले होते. सहा किलो वजन उतरल्यावाचून शस्त्रक्रिया करणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. त्यांची कन्या मैत्री एका कार्यालयात नोकरीला होती. तिने आईच्या उजव्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला, कारण डाव्या हातात बांगड्या होत्या. आणि तो फोनमधील आहाराच्या ॲपला जोडून दिला. आईचे काम कसले, असे ॲपने विचारताच तिने प्रामाणिकपणे ‘अतिशय कष्टाचे’ हा पर्याय निवडला. ॲपने दिवसाला अठराशे कॅलरी ठरवून दिल्या.

रोज दुपारी फोन कळवी की व्यायामाच्या चारशे कॅलरी मिळाल्या आहेत, अजून खाता येईल. अरुणाबाईंना भूक नसे. तरी लेकीने लावून दिलेली शिस्त म्हणून त्या मुकाट्याने आणखी वरणभात वाढून घेत.

दोन महिन्यांनी वजन एक किलो वाढलेले दिसले.

“आई, खरं सांग, येता-जाता तोंडात टाकतेस ना?” मैत्री म्हणाली. “ॲप कशाला खोटं बोलेल?”

त्या दिवसापासून अरुणाबाईंनी लेकीसमोर चहा घेणेही सोडले.

पुढच्या रविवारी सकाळी मैत्री आईचा फोन घेऊन स्वयंपाकघरातच बसली होती. अरुणाबाई परातीत भाकरी थापत होत्या. पडद्यावर पावलांचा आकडा सारखा चढत होता.

“आई, तू चालतेयस का?”

“चालू कुठं? साठ भाकऱ्या राहिल्यात अजून.”

मैत्रीने आईला क्षणभर थांबायला सांगितले. हात थांबला, आकडा थांबला. हात पुन्हा पिठावर पडू लागला, तशी पावलेही पडू लागली. मग तिच्या ध्यानात सारे आले. आईचे कष्ट त्या अठराशेमध्ये आधीच धरलेले होते. पट्टा तेच कष्ट चालणे समजून पुन्हा धरीत होता. एकाच श्रमाचे अन्न आई दोनदा खात होती, आणि तेही लेकीच्याच सांगण्यावरून.

हिशेब आता मुद्दाम कमीच राहावा म्हणून तिने कामाचा पर्याय बदलून ‘बैठे’ केला आणि आईच्या हातातला पट्टा काढला. आता तो फक्त चालायला जाताना बांधायचा, आणि तो दाखवील त्या कॅलरींपैकीही अर्ध्याच खायच्या, असे तिने समजावले.

“बैठे?” अरुणाबाई हसल्या. “बरं, तसं लिही. पण मी चोरून खाल्लं नव्हतं, एवढं पटलं ना तुला?”

मैत्रीने पट्टा बाजूला ठेवला. ती म्हणाली, “मी तुझे डबेसुद्धा तपासले होते, आई.”

“ठाऊक हाय मला. झाकणं उलटी लावलीस.”

तारीख हुकणार हे उघड होते. मैत्रीने डॉक्टरांना फोन करून चूक आपली असल्याचे सांगितले, आणि शस्त्रक्रिया दोन महिने पुढे गेली. आणखी दोन महिने त्याच गुडघ्यांवर उभे राहायचे, एवढेच अरुणाबाईंनी मनाशी म्हटले आणि पुढचा गोळा हातात घेतला. मैत्रीने स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवले.

त्या माउलीच्या पायांना विसावा मिळो, आणि जिने मोजण्यात चूक केली, तिचेही मन निवांत होवो.