कान ठीक आहेत

गेली बावीस वर्षं मी लोकांचे कान तपासते, आणि माझ्याच सहीच्या कागदाने माझ्या वडिलांना घराबाहेर काढायची वेळ आणली.

"कान ठीक, म्हणजे डोकंच गेलंय," दादा फोनवर म्हणाला. "तूच लिहून दिलंयस."

दिलं होतं खरं. आमच्या दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत बाबांनी बारीकातली बारीक शिट्टी ओळखली होती. घरी मात्र विचारावं एक आणि उत्तर यावं भलतंच. तेव्हा मीही चिडले होते. "मुद्दाम करताय ना?" असं तोंडावर विचारलं होतं त्यांना. दादाने वृद्धाश्रमात जागा धरली, आणि रविवारी फॉर्म भरायचं ठरलं.

रविवारी दादाकडे गेले. चार महिन्यांपूर्वी दादाने घर नवं केल्यापासून मी तिथे निवांत जेवायला बसलेच नव्हते. पडदे गेले होते, गालिचा गेला होता, पुस्तकांची कपाटंही गेली होती. गुळगुळीत फरशी, काचेचं टेबल, बोडक्या भिंती. चमचा पडला तर पाच पडल्यासारखे वाटावेत, आणि या नव्या घराचं दादाला कोण कौतुक! वहिनी समोरून काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं. ती पुन्हा बोलली. टीव्ही चालू, भाच्यांचं भांडण चालू, आणि प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून पुढच्या शब्दाच्या अंगावर येत होता. तिसऱ्यांदा "काय?" म्हटल्यावर दादा हसला. "तुझीही जागा धरू का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. कान तपासले, पण ते कान दिवसभर कुठल्या खोलीत बसतात ते बघायला काय झालं होतं मला?

उठले, आतल्या गाद्या ओढत आणल्या आणि भिंतींना उभ्या केल्या. खिडकीच्या काचांवर रजया टांगल्या. उरलेलं अंथरूण फरशीभर पसरलं.

"अगं, वेड लागलंय का तुला? भिंतीचं पॉलिश जाईल!"

"पॉलिश गेलं खड्ड्यात. ते टोक धर आधी."

कपाळाला आठ्या घालून त्याने धरलं. बाबा आपल्या खुर्चीत बसून आमचा तमाशा बघत होते.

घामाघूम झालेला दादा वहिनीकडे वळला आणि गेल्या चार महिन्यांच्या सवयीने, बाबांच्या समोरच, हळू आवाजात म्हणाला, "हिचं नाटक आटोपलं की बाबांची सही घेऊन टाकू फॉर्मवर. संध्याकाळपर्यंत सोडून यायचंय."

टीव्ही चालूच होता. भाच्याही भांडतच होत्या.

"कसला फॉर्म?" बाबांनी विचारलं. "कुठे सोडून यायचंय?"

दादा माझ्याकडे बघायला लागला.

"सांग ना," मी म्हटलं. "त्यांना ऐकू येतंय."