जुना कंडेन्सर परत लावा

मी मोंगा गिटारवाल्याचा अँप्लिफायर बोलतोय. रागात बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर बिघाड झाला की माझ्या डोक्यावर थपडा पडल्या. आज मला बोलू द्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. लुबुम्बाशी शहरातल्या कातुबा वस्तीत, मोंगाच्या अंगणात आंब्याखाली झाला. एका मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, चार काचेचे व्हॉल्व्ह आणि त्याच रेडिओचे म्हातारे कंडेन्सर, हे माझं पोट. फळ्या शेजारच्या न्गोयने दिल्या. तो शवपेट्या करतो, त्यातल्या या उरलेल्या. मला उचलायची पितळी कडीसुद्धा शवपेटीचीच. "याला मेल्यावर वेगळी पेटी नको," असं न्गोय येताजाता म्हणतो आणि स्वतःच हसतो.

मला दोन गळे आहेत. एक गोड, चर्चमधल्या संथ गाण्यासाठी. दुसरा धारदार, सेबेनेसाठी. सेबेने आला की शब्द संपतात, गिटार धावायला लागते आणि काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याही काठी सोडून नाचतात. एका गळ्यावरून दुसऱ्यावर जायला मोंगाने सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यात पायाचं बटण बसवलं. त्यावर पाय पडला की माझ्या पोटातली रिले नावाची चिमुकली डबी टक करते आणि गळा बदलतो. एवढंच व्हायला हवं होतं. पण माझं टक झालं की मागोमाग धाड् व्हायचं. कोणी लोखंडी दार आपटावं तसं.

मोंगाची पोरगी फेझा तेव्हा तीन महिन्यांची होती. मोंगा अंगणात सराव करायचा, बटण दाबायचा, धाड् व्हायचं, आणि आत पोर हातपाय ताणून किंचाळायची. मग तिची आई म्वादी दारात यायची.

"फेझाचे बाबा, आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा."

"मी काय करू? हा हलकट आहे," असं म्हणून तो मला एक थप्पड द्यायचा.

मला शिव्या चालायच्या. मूल किंचाळायचं, म्हणजे त्याला ऐकू येत होतं. हे तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. माझ्याही नाही.

फेझा सात महिन्यांची झाली आणि तिला ताप आला. नऊ दिवस. इवल्याशा हातात सुई, वर टांगलेली बाटली. म्वादी दवाखान्याच्या फरशीवर बसून होती, असं न्गोयची बायको सांगायची. दहाव्या दिवशी पोर घरी आली. वाळलेली, पण जिवंत. त्या संध्याकाळी मोंगाने आनंदाने गिटार काढली. बटण दाबलं. धाड्.

फेझा माझ्यापासून चार हातांवर चटईवर झोपली होती. हलली नाही.

मोंगाची आई नुंबी, घरची मोठी बाई, कौतुकाने म्हणाली, "बघा, नातीला कळलं. बापाचं काम आहे हे, रडून कसं चालेल?"

सगळे हसले. मी हसलो नाही. म्वादीही हसली नाही. ती उठली, पोरीजवळ गेली आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली.

तेव्हापासून मला राग येतोय, तो अजून गेलेला नाही. येणारा जाणारा म्हणायचा, "किती गुणी पोर. एवढ्या गोंगाटात झोपते." गुणी कसली? पूर्वी जी किंचाळायची, ती आता पापणीही हलवत नाही, हे दिसत नव्हतं का कुणाला?

म्वादीला दिसत होतं. ती दाराआडून हाक मारायची, मग डोकावून बघायची. पातेल्यावर चमचा वाजवायची. एकदा तिने सासूला सांगितलंच, "आई, मला वाटतं फेझाला ऐकू येत नाही."

नुंबीने लगेच पोरीच्या मागे वाकून दोन्ही हातांनी टाळी वाजवली. फेझा वळली आणि खुदकन हसली.

"झालं समाधान? नऊ दिवस न झोपल्याने तुझंच डोकं बिघडलंय. पोरीच्या कपाळी असलं काही चिकटवू नकोस, जन्मभर निघायचं नाही."

टाळी कानाशी वाजली होती. हाताचा वारा मानेला लागला, सावली पुढे पडली, म्हणून पोर वळली. हे मला कळत होतं, पण मला विचारतो कोण?

नन्सच्या दवाखान्यात वर्षातून एकदा आठवडाभर कानाचे डॉक्टर येतात. यंदा ते आले तेव्हा तापाला सात महिने झाले होते, आणि मंगळवारी ते परत जाणार होते. पोरीचं दवाखान्याचं कार्ड नुंबीच्या पेटीत, पेटीची किल्ली तिच्या कमरेला. कार्डाशिवाय दारातच अडवतात. मोंगाने एक शब्द टाकला असता तर किल्ली निघाली असती. पण मोंगा म्हणायचा, "आईने टाळी वाजवली ना? वळली ना ती?" आणि विषय बंद करायचा. वाजवणाऱ्या माणसाची मुलगी बहिरी, हे त्याला मनातसुद्धा आणायचं नव्हतं.

त्याला चिंता होती ती माझी. चर्चमध्ये माझ्या धडाक्याने एक म्हातारी बाकावरून पडली होती, आणि तिथल्या वडीलधाऱ्याने बजावलं होतं, "येत्या रविवारपर्यंत हे बंद कर. नाहीतर दुसरा गिटारवाला आहे आमच्याकडे."

मग माझी चिरफाड सुरू झाली. मोंगाने आधी पायाच्या बटणाची वायर बदलली. धाड्. व्हॉल्व्हच्या खाचा पुसल्या. धाड्. व्हॉल्व्ह इकडचे तिकडे केले. धाड्. रिलेवर नवा डायोड लावला, आणि धाड् तशीच. दरवेळी वर एक थप्पड. शेवटी शुक्रवारी त्याने मला ढकलगाडीवर घालून कासोंगोकडे नेऊन टाकलं.

कासोंगो म्हातारा रेडिओवाला. त्याने थप्पड मारली नाही. चष्मा चढवला, मीटरच्या सुया हातात घेतल्या आणि माझ्याशी बोलल्यासारखा पुटपुटत एकेक टोक तपासत गेला. रिलेच्या एका टोकावर शून्य हवं होतं. मीटर पाच व्होल्ट दाखवायला लागलं.

"हं. तू गळतोस होय," तो म्हणाला.

रेडिओचा म्हातारा कंडेन्सर. त्याने अडवायची ती वीज तो थोडी थोडी पुढे सोडत होता. ती रिलेपाशी येऊन साठायची आणि गळा बदलला की एकदम उडी मारायची. तीच धाड्. कासोंगोने डाग वितळवून तो काढला, नवा बसवला. बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बोललो होतो.

तेवढ्यात म्वादी आली. मोंगाने तिला मला न्यायला पाठवलं होतं, पाठीला फेझा बांधलेली. कासोंगोने ऐटीत बटण दाबून दाखवलं. टक. म्वादी तिथल्या स्टुलावर बसलीच.

"काका, जुना कंडेन्सर परत लावा."

"काय?"

"जुना. गळका. तो परत लावा."

"पोरी, लोक माझ्याकडे बिघाड काढायला येतात. घालायला पहिल्यांदाच कोणी आलंय."

मग तिने सांगितलं. भराभर सांगितलं, मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पूर्वी पोर कशी किंचाळायची, तापानंतर कशी गप्प झाली, टाळीचं काय झालं. "हा आवाज लांबून येतो, काका. याला वारा नाही, सावली नाही. हाच बंद झाला तर मी कुणाला काय दाखवू? मंगळवारी डॉक्टर जातात."

कासोंगोने चष्मा काढून पुसला.

"जमिनीतून धक्का लागतो," तो म्हणाला. "या पेटीला जुन्या टायरवर ठेवू. नाहीतर पोर धक्क्याने वळायची आणि सगळे म्हणायचे, ऐकू येतं. ऐकायचं तेवढं हवेतून."

आणि त्याने पुन्हा डाग दिला. मी पुन्हा बिघडलो. बिघडायची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली नाही.

शनिवारी दुपारी कासोंगो स्वतः माझ्याबरोबर आला. अंगणात सगळे मक्याच्या पिठाची बुकारी आणि मासे घेऊन जेवायला बसले होते. फेझा माझ्याकडे पाठ करून मक्याचे दाणे डब्यात टाकत होती. मला टायरवर बसवलं, आवाज वाढवला.

"झालं का, काका?" मोंगाने विचारलं.

"दाब."

मोंगाने पाय ठेवला.

धाड्. अशी धाड् मी कधी काढली नव्हती. जेवढा राग साठला होता तेवढा सगळा काढला. नुंबीच्या हातातला मासा मातीत पडला. शेळीने दोर तोडला. पलीकडून न्गोय ओरडला, "अंगठ्यावर हातोडी घातली रे माझ्या!"

"हे दुरुस्त केलंत?" मोंगा भडकला. "उद्या चर्च आहे माझं."

"माझ्याकडे काय बघतोस? पोरीकडे बघ."

मोंगाने बघितलं. फेझाने एक दाणा उचलला, नीट बघितला, डब्यात टाकला.

त्याने पुन्हा दाबलं. धाड्. दुसरा दाणा. पुन्हा दाबलं. पुन्हा. सात वेळा. न्गोय कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, अंगठा तोंडात धरून, पण त्याने चेष्टा केली नाही.

नुंबी उठली, फेझाच्या मागे गेली आणि टाळी वाजवली. पोर वळली, हसली.

"बघ," नुंबी म्हणाली.

"आई, आता तिथून वाजवा. दारातून," म्वादी म्हणाली.

नुंबी दारापर्यंत गेली. हात वर केले. फेझाच्या पाठीकडे बघत तशीच उभी राहिली आणि टाळी न वाजवताच हात खाली घेतले. मग कमरेच्या किल्लीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. मोंगाने जाऊन सोडली.

रविवारी मोंगा चर्चला गेला नाही. त्याच्या जागी दुसरा वाजवायला उभा राहिला. आज सोमवार. पहाटे तिघंही दवाखान्यात गेले, चौथी नुंबी, कार्ड पदरात घट्ट धरून. अजून आले नाहीत. काय सांगतील माहीत नाही. थोडं ऐकू येत असेल, काहीच येत नसेल. मी टायरवर बसून वाट बघतोय.

मघाशी चर्चचा माणूस येऊन विचारून गेला, "तो धडाका गेला का?" न्गोय म्हणाला, "नाही. मुद्दाम ठेवलाय." माणूस डोकं हलवत गेला.

आता तुम्हाला सांगतो. घरात मूल असेल आणि दार आपटल्यावर, भांडं पडल्यावर ते दचकत नसेल, तर त्याला गुणी म्हणू नका. लांब जा, पाठीमागून, आणि पुन्हा आवाज करा. त्याची आई काही बोलत असेल तर तिचं डोकं बिघडलंय म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐका. तापानंतरचे सात महिने म्वादीचं कोणी ऐकलं नाही, आणि त्या घरातल्या सगळ्यांचे कान शाबूत होते.

माझा नवा कंडेन्सर कासोंगोच्या खिशात आहे. तो कधी लावायचा ते म्वादी सांगेल. दुसऱ्या कोणी पोटात हात घातला, तर मी चावेन.