निर्जळीच्या दिवशीची फायनल

भाग्यश्रीने पहिली लढत मिनिटाच्या आत जिंकली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या पण वरच्या पायरीवर बसलेल्या तिच्या बापाने टाळी वाजवली नाही.

सुरेंद्र नागभीडकडच्या एका गावातला. तलावात जाळं टाकायचं, एकादशीला देवळात टाळ धरायचा, हा त्याचा संसार. ज्यूदोतलं त्याला कळायचं ते मोजकंच. समोरच्याला पाठीवर स्वच्छ आपटलं की खेळ तिथंच संपतो. अर्धवट पाडलं तर गुण मिळतो. आणि नुसतं टाळत राहिलं तर पंच शिक्षा लावतो, तिसऱ्या शिक्षेला खेळाडू बाद. पण आपली पोरगी कशी खेळते, हे मात्र त्याला नीट ठाऊक होतं.

त्यांच्याकडचे वामनराव महाराज कीर्तनाला उभे राहिले की आधी नुसतं नाम घेतात. टाळकऱ्यांना हळूहळू सोबत ओढतात, घसा तापू देतात, अभंगाचा अर्थ धरायची घाई म्हणून करत नाहीत. लोक सैलावून बसले की मग असा गळा उघडतात की मांडवाच्या कडेला उभा असलेला माणूसही खाली बसतो. भाग्यश्री लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून तेच ऐकत आली होती, आणि खेळायचीही तशीच. आधी पकड, मग नुसती ओढाताण, समोरच्या पोरीचा दम कुठं तुटतो त्याची वाट पाहणं. तिचा डाव निघायचा तो शेवटी शेवटी.

आज ती नाम न घेताच गळा फोडून राहिली होती.

दुसऱ्या लढतीतही तेच झालं. उभी राहिली, धावली, पाडलं. खाली खुर्चीवर बसलेल्या नागसेन सरांनी टाळी वाजवली खरी, पण तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शाळेत खेळाचे शिक्षक असलेल्या या माणसाने जुन्या गाद्या जोडून तिला पडायला शिकवलं होतं. गेल्या वर्षी ती याच निवड स्पर्धेच्या फायनलमध्ये हरली होती. आज जिंकली तर राज्याच्या संघात जाणार होती.

बाहेर जेठातलं ऊन पत्रा तापवत होतं. आतले कूलर गरम हवाच फिरवत होते. भाग्यश्री भिंतीशी जाऊन बसली, बाटली उघडली, पाणी मानेवर ओतलं, तोंडावरून हात फिरवला आणि टोपण लावून टाकलं. सुरेंद्र पाहत राहिला. तिने घोट घेतला नव्हता. सकाळपासून एकदाही घेतला नव्हता. सकाळी वजन ठरल्यापेक्षा कमी भरलं म्हणून सर खूश झाले होते, तेही त्याला आता आठवलं.

आज जेठातली निर्जळी एकादशी होती. त्याची स्वतःची तर होतीच, दरवर्षी असते. पण पोरीने घरी सांगितलं होतं की मी केळी खाईन, पाणी पिईन.

तो उतरून तिच्याजवळ गेला. ओठ पांढरे पडले होते.

"तू पानी काऊन नाई पिऊन राह्यली?"

ती खाली पाहून बोटांची पट्टी सारखी करत राहिली. "मी बोलली होती, बाबा. विठ्ठलासमोर. यंदा जिंकवलं तं निर्जळी करीन."

"जिंकल्यावर करायची असते."

"आधीच केली तं देवाले भरोसा वाटते ना."

मग तिने हळूच सांगितलं की अंगात दम नाही. म्हणूनच लवकर संपवून राहिली. अजून एकच आहे, तेही एका मिनिटात संपवते. सरांना सांगू नका.

हे पोरीच्या डोक्यात कुठून आलं हे सुरेंद्रइतकं कोणाला ठाऊक असणार? हिवाळ्यात गावच्या सप्ताहात महाराजांनी एका पाणक्याची कथा लावली होती. भर उन्हातल्या एकादशीला गावभर पाणी वाहिलं, पण स्वतःची जीभ ओली केली नाही, आणि संध्याकाळी त्याची कावड देवाने खांद्यावर घेतली. त्या कथेला सुरेंद्र इतका रडला होता की टाळ चुकला. बाजूला पोरगी बसली होती. बापाला रडताना पाहत होती.

आता तिला मोड म्हणावं, तर आजवरचं आपलं रडणं खोटं ठरतं. मोडू नको म्हणावं, तर पोर मॅटवर कोसळेल. तो व्हरांड्यात गेला आणि त्याने महाराजांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. एकादशीचा दिवस, कुठल्यातरी गावी ते कीर्तनाला उभे असणार. आतून माईकवर फायनलच्या जोड्या पुकारायला सुरुवात झाली होती.

त्याने सरांना सांगून टाकलं.

नागसेन सरांच्या घरातून उपासतापास आजोबांच्या काळातच गेले होते, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून. सुरेंद्रला वाटलं, आता हा माणूस हसेल, किंवा बोल लावेल. सर तसं काही बोलले नाहीत. "तुमच्या देवाच्या मधात मी येत नाही, सुरेंद्रभाऊ," ते म्हणाले. "पण सुकलेल्या पोरीले मी मॅटवर पाठवत नाही. पानी नाई प्याली तं नाव काढतो. पुढच्या वर्षी पाहू."

भाग्यश्रीने ते ऐकलं. रडली नाही, पण बाटली दोन्ही हातांनी अशी दाबून धरली की प्लास्टिक वाजलं.

सुरेंद्र तिच्यासमोर मांडी घालून बसला. कथा त्याच्या डोक्यात पुन्हा पहिल्यापासून चालली होती, आणि या वेळी तो वेगळ्याच जागी अडला. पाणक्याने स्वतः घोट घेतला नाही, हे खरं. पण त्या दिवशी गावात दुसऱ्या कोणाला त्याने तहानलेलं ठेवलं नव्हतं.

त्याने तिच्या हातून बाटली सोडवली आणि तिच्यापुढे धरली. "पी."

"तुमी तरी प्याले का?"

आजवर ही एकादशी त्याने कधी मोडली नव्हती, तापातसुद्धा नाही. त्याने टोपण काढलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. पाणी कोमट होतं. गिळताना घशात दुखलं.

"आता माझी मोडली," तो म्हणाला. "देवाशी मी बोलतो. तू सरांशी बोल."

भाग्यश्री त्याच्याकडे पाहत राहिली, जणू बापाने भर रस्त्यात पागोटं काढून ठेवलं. मग तिने बाटली घेतली. सरांनी थोडं थोडं प्यायला लावलं, मीठ-साखर टाकून दिलं, केळ दिलं आणि फायनलला जितका उशीर करता येईल तितका केला.

समोर भद्रावतीची साक्षी होती. उंच, लांब हातांची. तिने सकाळच्या दोन्ही लढती पाहिल्या होत्या. ही पोरगी सुरुवातीलाच धावते, ते वादळ तेवढं झेल, मग ती संपलीच, असंच तिला शिकवून पाठवलं असावं. कारण साक्षी हात ताठ करून भिंतीसारखी उभी राहिली.

भाग्यश्री धावलीच नाही.

तिने बाही धरली, सोडली, पुन्हा धरली. सुरेंद्र पायरीवर पुढे सरकला. पोर सुस्त आहे की थांबली आहे? पाणी उशिरा पोचलं असेल तर? पंचांनी थांबवलं आणि दोघींनाही शिक्षा लावली, हल्ला करत नाही म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा दोघींना. आता एक जरी चुकली तर बाद. सुरेंद्रने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज कोणत्या तोंडाने मागायचं?

चार मिनिटं संपली, गुण कोणालाच नव्हता. वाढीव वेळ सुरू झाला. जी आधी गुण घेईल ती जिंकणार.

खेळ थांबला तेवढ्यात सर खुर्चीतून म्हणाले, "जा आता." भाग्यश्रीने मान हलवली, पण गेली नाही. सुटलेला पट्टा तिने सावकाश बांधला, पंचांनी घाई केली तेवढ्यापुरतीच घाई केली. सुरेंद्रला तिचा चेहरा दिसत होता. ती साक्षीच्या डोळ्यांत पाहत नव्हती, खांद्यांकडे पाहत होती. इतका वेळ ताठ धरलेले ते हात आता जड झाले होते. पंचांनी सुरू म्हटलं. साक्षीने पकड घेतली आणि खांदे किंचित खाली आले, ओझं ठेवताना माणसाचे येतात तसे.

भाग्यश्री त्याच क्षणी आत शिरली, वळली आणि तिला पाठीवरून पलीकडे टाकलं. स्वच्छ नाही, साक्षी कुशीवर पडली. पण गुण होता आणि तेवढा पुरे होता.

सुरेंद्र उठला आणि त्याने तिची बाटली पुन्हा भरून आणली.

चांदा फोर्ट स्टेशनातून परतीची गाडी सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाग्यश्रीने बाटली पुढे केली. तो नको म्हणाला. एका घोटापुरती मोडली आहे, बाकीची एकादशी अजून शाबूत आहे.

"अशी फोड करून चालते का एकादशी?" ती म्हणाली आणि हसली, मग त्याच्या खांद्यावर झोपून गेली.

मूल स्टेशनच्या पुढे फोन वाजला. वामनराव महाराज होते. मागे कोणीतरी मृदंगावर थाप मारून पाहत होतं.

"सुरेंद्र, तू दोनदा फोन केला होतास. काय झालं रे?"

पोरगी जागी होईल म्हणून तो खालच्या आवाजात बोलला. "महाराज, पानी प्यालो आज. मी बी, पोरगी बी. मीच पाजलं तिले."

मृदंग थांबला. खिडकीतून जंगल मागे सरकत होतं, आणि सुरेंद्रला वाटलं, आता फोन ठेवतील.

"आत्ता काही खाल्लं का तिनं?" महाराजांनी विचारलं.

"झोपली आहे जी."

"उठव मग. उपाशी नको झोपू देऊ."

सुरेंद्रने फोन खिशात ठेवला. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवून तिला उठवलं, डबा उघडला, आणि बाटलीतलं पाणी दोघांनी मिळून संपवलं.